लेखिकेला दोन पानं वाचू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी आपल्या अंकात चौथ्या पानावर एका पुस्तक प्रकाशनाची बातमी होती. सोळा ओळींची. व्यासपीठावरच्या सात जणांची नावं हुद्द्यांसकट होती, पुस्तकाचं नाव एकदा आणि लेखिकेचं नाव शेवटून दुसऱ्या ओळीत. पुस्तक कशाबद्दल आहे ते मात्र कुठेच नव्हतं. बातमीदाराला मी दोष देत नाही. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसला असता तरी त्याला ते कळलं नसतं, कारण समारंभात ते कुणी सांगितलंच नाही.

मी त्या समारंभाला होते. त्या पुस्तकाची प्रुफं मी तपासली आहेत. अडतीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम करते आहे. सुरुवात केली तेव्हा गॅली प्रुफं यायची, म्हणजे पानं पाडण्याआधीच्या मजकुराच्या लांब पट्ट्या, ओल्या शाईच्या, आणि अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याने एखाद्या अक्षराचा खिळा उलटा बसवला असला तर तो शोधायचा असायचा. आता डीटीपीवाल्याकडून फाइल येते, तिची छापील प्रत काढून घेते आणि लाल पेनाने खुणा करते. एवढ्या वर्षांत किती पुस्तकं हाताखालून गेली याची मोजदाद ठेवली नाही. पण ज्यांची प्रुफं मी वाचली त्यांच्या प्रकाशनाला, निमंत्रण असो नसो, जमेल तेव्हा जाते. बदलापूरहून दादरला किंवा पार्ल्याला संध्याकाळी जायचं म्हणजे उलट्या गर्दीतून जायचं आणि रात्री परतताना सुलट्या गर्दीत उभं राहायचं. तरी जाते. प्रुफात आपण काना, मात्रा, वेलांटी बघत असतो. ते पुस्तक वाचकासमोर उभं राहताना एकदा तरी बघावं असं वाटतं.

हे पुस्तक गिरणगावातल्या एका खानावळवालीच्या मुलीने आपल्या आईवर लिहिलेलं आहे. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत आई रोज पस्तीस-चाळीस गिरणी कामगारांचं जेवण रांधायची. घाटावरून, कोकणातून आलेली एकटी माणसं गाळ्यात राहायची, पाळीप्रमाणे झोपायची आणि जेवायला खानावळीत यायची. पैसे पगाराला. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून खातेवही मुलगी लिहायची, आठ वर्षांची असल्यापासून. पुढे प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, आणि सावकाराकडे गहाण पडलेली आईची पाटली परत हातात आली, हा सगळा भाग त्यात आहे.

आणि मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. संपाबद्दल आपण पुष्कळ वाचलं आहे. पण संपात खानावळीचं काय झालं, हे मी पहिल्यांदा या प्रुफांत वाचलं. पगार नाही म्हणजे खानावळीचे पैसे नाहीत. काही जण गावी निघून गेले, काही जण लाजेने यायचे थांबले. पुस्तकातल्या ८७ आणि ८८ या पानांवर त्या महिन्यांची खातेवही आहे. आई मुलीला दर एक तारखेला सगळी नावं लिहायला लावायची. जो गावी गेला त्याचंही नाव, जो येईनासा झाला त्याचंही. समोर आकडा नाही, रिकामी जागा. मुलीने विचारलं की पैसेच येणार नाहीत तर नावं कशाला लिहायची, तेव्हा आई काय म्हणाली ते मी इथे सांगणार नाही. ते लेखिकेने सांगायचं होतं.

या पुस्तकावरून माझा आणि लेखिकेचा एकदा वादही झाला होता. आईच्या तोंडची भाषा सातारकडची आहे, ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘येरवाळी’ अशी. संवादांना मी हात लावला नव्हता, पण निवेदनातही एके ठिकाणी ‘येरवाळी’ आला होता. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. ते सगळे माझ्या हाडीमाशी मुरलेले आहेत, आणि निवेदन प्रमाण भाषेत आणि बोली संवादात, ही शिस्तही. मी ‘येरवाळी’ खोडून ‘पहाटे’ केलं. लेखिकेचा फोन आला. म्हणाली, “ताई, पहाटे सगळ्यांची होते. येरवाळी उठायची ती माझी आई.” मी खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दिली आणि समासात ‘राहू द्या’ लिहिलं. अडतीस वर्षांत स्वतःचीच दुरुस्ती मागे घेण्याची वेळ थोड्या वेळा आली, त्यातली ही एक. अशी लेखिका आपल्या पुस्तकाबद्दल लोकांसमोर काय बोलेल, हे ऐकायला मी गेले होते.

पत्रिकेत वेळ संध्याकाळी सहाची होती. सहा पस्तीसला माइकवर पहिलं वाक्य आलं. दीपप्रज्वलनात पंख्याने वात दोनदा विझली, पंखा बंद करायला माणूस शोधावा लागला. मग स्वागतगीत. मग पाहुण्यांचा परिचय, एकेकाचा पाच-पाच मिनिटांचा, भूषवलेल्या पदांसकट. मग सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्ह, सात जणांचे. ते झाल्यावर मुखपृष्ठाचा चित्रकार, देणगीदार, सभागृह मिळवून देणारे गृहस्थ यांचे. प्रत्येक वेळी फोटोसाठी थांबायचं आणि फोटोवाल्याने ‘इकडे बघा’ म्हटलं की पुन्हा हसायचं. सव्वासात वाजून गेले.

मग प्रकाशन. चकचकीत कागदात गुंडाळून रिबीन बांधलेली पुस्तकं तबकातून आली. रिबिनीची गाठ सुटेना. एका पाहुण्यांनी कागद फाडला, बाकीच्यांनीही फाडला. सगळ्यांनी पुस्तक छातीशी धरलं, मुखपृष्ठ कॅमेऱ्याकडे. एकाचं उलटं होतं, शेजाऱ्याने ते सुलटं करून दिलं. त्या अर्ध्या मिनिटात मी लेखिकेकडे बघत होते. तिच्या हातातल्या प्रतीला पिवळ्या कागदाची खूण लावलेली होती. तिने मला आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं, “ताई, खातेवहीची दोन पानं वाचणार आहे. आरशासमोर चार वेळा वाचली. तिसऱ्या वेळेला न रडता झाली.”

पाहुण्यांची भाषणं सुरू झाली. पहिले म्हणाले, पुस्तक आत्ताच हातात पडलं आहे, येताना गाडीत चाळलं. दुसरे वाचनसंस्कृतीवर बोलले. तिसरे मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळालेल्या अभिजात दर्जावर बोलले, आणि चांगलं बोलले, पण ते कुठल्याही समारंभात चाललं असतं. चौथ्यांनी स्वतःच्या आईच्या आठवणी सांगितल्या. खानावळ हा शब्द मी पूर्ण संध्याकाळी तीनदा ऐकला, त्यातला एकदा निवेदिकेच्या तोंडून.

लेखिकेच्या ‘मनोगता’ची पाळी आली तेव्हा आठ वाजून पन्नास मिनिटं झाली होती. सभागृह नऊला रिकामं करायचं होतं. ती माइकपाशी गेली, पुस्तक उघडलं, खुणेच्या पानावर बोट ठेवलं आणि तेवढ्यात निवेदिकेने तिच्यासमोर चिठ्ठी सरकवली. मी दुसऱ्या रांगेच्या कडेला होते, चिठ्ठी मला वाचता आली नाही, वाचायची गरजही नव्हती. तिने पुस्तक मिटलं. प्रकाशकांचे आभार मानले, पाहुण्यांचे मानले, नवऱ्याचे मानले आणि जाऊन बसली. अध्यक्षांनी आपलं भाषण ‘वेळेअभावी’ आवरतं घेतलं, म्हणजे तेही सात मिनिटं झालंच.

संपादक महोदय, माझा राग इथवरच असता तर मी पत्र लिहिलं नसतं. पण चौथ्या रांगेत तीन म्हातारे बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, एकाच्या मांडीवर कापडी पिशवी. मध्यंतरी चहासाठी बाहेर आले तेव्हा पुस्तकविक्रीच्या टेबलापाशी त्यातल्या एकाने विचारलं, “यात आमच्या खानावळीचं हाय न्हवं?” ते तिघे त्या खानावळीत जेवलेले. एक अजून लालबागलाच राहतो, दोघे आता विरारला. लेखिकेने त्यांना शोधून काढून बोलावलं होतं. व्यासपीठावरून त्यांचा उल्लेख झाला नाही, याचं मला फारसं काही वाटत नाही. ते सत्कारासाठी आले नव्हते. ते त्या मुलीचं बोलणं ऐकायला आले होते आणि साडेआठला उठून गेले. विरारची गाडी त्या वेळी कशी असते ते पश्चिम रेल्वेवरच्या कुणालाही विचारा, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने त्याहून उशिरा चढायचं कसं? ८७व्या पानावरच्या यादीत त्यातल्या दोघांची नावं आहेत. समोर आकडा नाही, रिकामी जागा. हे त्यांना त्या संध्याकाळी ऐकता आलं असतं.

१८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं, तिथून आपल्या साहित्य संमेलनांची परंपरा सांगतात. पुढच्या, १८८५ च्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारलं आणि तसं पत्र लिहिलं. ज्यांच्या सभांत आणि पुस्तकांत कष्टकऱ्यांच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्यात मिसळून आमचा काही उपयोग नाही, असा त्याचा आशय होता. ते पत्र मी तरुणपणी एका पुस्तकाच्या प्रुफांत पहिल्यांदा वाचलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही. आज खानावळवालीच्या मुलीचं पुस्तक मुंबईत छापलं जातं, तिला व्यासपीठावर खुर्ची मिळते, ही मोठी गोष्ट आहे. पण खुर्ची देऊन बोलायला दहा मिनिटंही द्यायची नाहीत, हे मला सहन झालं नाही.

ऐकून वाचणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ज्ञानेश्वरी आपण नुसती पालखीत ठेवत नाही, तिचं पारायण होतं, गावातला ज्याला अक्षर येत नाही तोही सात दिवस बसून ऐकतो. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी महाराष्ट्रभर हिंडून आपल्या कविता वाचल्या आणि लोक त्या ऐकायला तुडुंब जमले. पु. ल. आणि सुनीताबाईंनी बोरकरांच्या आणि मर्ढेकरांच्या कविता वाचून दाखवल्या. स्वतःची एक ओळही नाही, दुसऱ्याची कविता, आणि तरी सभागृहं भरली. माझी आई चौथी शिकलेली होती. तिने एकदा पाडगावकरांना ऐकलं आणि घरी आल्यावर मला वाचनालयातून त्यांचा संग्रह आणायला सांगितला. पुस्तक हातात घेण्याआधी ते तिच्या कानात गेलं होतं.

चांगले कार्यक्रम मी याच शहरात पाहिले आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, गिरगावच्या केळेवाडीतला साहित्य संघ १९३५ चा, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. या शहराने मराठी पुस्तकासाठी जागा बांधून ठेवल्या आहेत. काळा घोडा महोत्सवात डेव्हिड ससून लायब्ररीच्या मागच्या बागेत, झाडाखाली, लेखक खुर्चीवर बसून आपल्या पुस्तकातलं वाचतात आणि लोक ऐकतात, तेही मी पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका छोट्या वाचनालयात एका कादंबरीचं प्रकाशन होतं. खुर्च्या साठ. पाहुणा एकच आणि त्याने पुस्तक वाचलेलं, समासात पेन्सिलीच्या खुणा केलेली प्रत घेऊन आला होता. लेखकाने पहिल्यांदा पंचवीस मिनिटं वाचलं, मग दोघे त्याच्यावर बोलले. एका मुलीने विचारलं की नायिकेने शेवटी पत्र का फाडलं, आणि लेखक खरोखरच अडखळला. आठला संपलं. टेबलावरच्या सगळ्या प्रती गेल्या, दोघांना पैसे भरून नाव नोंदवून जावं लागलं. त्या कादंबरीची प्रुफंही माझ्याच हाताखालून गेली होती, आणि नायिकेबद्दलचा तो प्रश्न मला तीन वाचनांत पडला नव्हता.

आयोजकांची अडचण मला कळते. बहुतेक वेळा खर्च लेखकाच्याच खिशातून होतो. सभागृहाचं भाडं, माइकवाला, चहा, पत्रिका सगळं बघावं लागतं. बाइंडरकडून पुस्तकं त्याच दिवशी दुपारी येतात, पुठ्ठ्याचा डिंक ओला असतो, मग पाहुण्याने वाचावं कधी? पण यावर उपाय आहे आणि तो मी रोजच्या कामातून सांगते. छपाईला जायच्या आधी पानं लावून, तपासून पक्की झालेली फाइल तयार असते. ती त्याच दिवशी पाहुण्यांना पाठवता येते. ज्यांना वाचायला सवड नाही त्यांनी मोकळेपणाने नाही म्हणावं, त्यांच्याबद्दलचा आदर त्याने कमी होणार नाही. आणि लेखकाला पहिल्यांदा बोलवावं. दिवा लावला की लगेच. पाहुणे उशिरा आले तरी लेखक वेळेवर आलेला असतो, दोन तास आधीपासून आलेला असतो.

मोठी नावं का बोलावतात, हे मी एका प्रकाशकांना विचारलं. ते म्हणाले, “नाव नसेल तर बातमी लागत नाही हो.” म्हणून हे पत्र तुम्हाला.

पुस्तक प्रकाशनाच्या बातमीत व्यासपीठावरच्या नावांच्या जागी त्या पुस्तकातल्या चार ओळी छापा. जागा तेवढीच लागेल. बातमीदाराला पूर्ण पुस्तक वाचायला वेळ नसतो हे मी जाणते, पण प्रकाशकाकडून एक पान मागून घेता येतं. हे एकदा सुरू झालं की आयोजकही आपोआप ओळी पाठवायला लागतील, आणि ओळी निवडायच्या म्हणजे कुणाला तरी पुस्तक उघडावं लागेल.

दुसरी विनंती ‘आजचे कार्यक्रम’ या सदराची. पूर्वी ते रोज दुसऱ्या पानावर असायचं. मी आणि माझ्यासारखे कितीतरी जण सकाळी आधी तेच वाचायचो आणि कुठे जायचं ते ठरवायचो. आता ते कधी येतं, कधी येत नाही, आलं तर आदल्या दिवशीच्या कार्यक्रमासकट येतं. सगळं मोबाइलवर असतं म्हणतात. ज्यांच्या गटात आपण आहोत त्यांचंच मोबाइलवर येतं. त्या तिघा म्हाताऱ्यांपैकी कुणीही कुठल्या साहित्याच्या गटात नाही, लेखिकेने स्वतः घरी जाऊन सांगितलं म्हणून ते आले. हे सदर पुन्हा रोज द्यावं. आणि त्यात कार्यक्रम किती वाजता संपणार तेही छापावं, जवळच्या स्थानकाच्या नावासह. डोंबिवली, बदलापूर, वसई, पनवेलच्या माणसाला जायचं की नाही ते संपण्याच्या वेळेवरून ठरवावं लागतं, आणि मराठी पुस्तक विकत घेणारा वाचक आज मोठ्या संख्येने तिकडे राहतो. छापलेली वेळ पाळायची आयोजकांनाही मग सवय होईल.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मी लेखिकेला फोन केला. ती रुसलेली नव्हती, उलट सगळं छान झालं म्हणाली. मी म्हटलं, ती दोन पानं मला वाचून दाखव. तिने फोनवर वाचली. मी ती पानं तीनदा तपासली होती. खातेवहीतल्या नावांची यादी येते तिथे मी प्रत्येक नावापुढे स्वल्पविराम दिला होता, एका ओळीत नावं चालू ठेवली होती. वाचताना ती प्रत्येक नावानंतर थांबत होती, पूर्ण थांबत होती, जणू पुढचं नाव आई सांगते आहे आणि ती लिहिते आहे. दुसऱ्या आवृत्तीत ती नावं एकाखाली एक घ्यायची, असं आम्ही ठरवलं आहे.

आपल्याला छापायची असतील तर ती दोन पानं माझ्याकडे आहेत. लेखिकेची आणि प्रकाशकांची परवानगी घेतली आहे. मी अजून काम करते आहे आणि बऱ्याच प्रकाशकांची प्रुफं माझ्याकडे असतात, तेव्हा माझं नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक मुद्रितशोधक, बदलापूर